बंबमामांची जीभ

पाणी तपासायला देवाने माणसाला जीभ दिली आहे, आणि बाकीची सगळी उपकरणं ज्यांना जीभ नाही त्यांच्यासाठी आहेत, असं बंबमामांचं ठाम मत होतं. हे मत ते दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि ऐकणारा नवा असला तर दोनदा.

तसा त्यांना अधिकारही होता म्हणा. त्या वृद्धनिवासाच्या तळघरातला बॉयलर ते बत्तीस वर्षं सांभाळत होते. वरच्या चार मजल्यांवर एकेचाळीस म्हातारी माणसं राहत. त्यांच्या खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या भिंतीतल्या नळ्यांत आणि त्यांच्या न्हाणीघरांतल्या नळांत जे गरम पाणी खेळायचं, ते सगळं मामांच्या हाताखालून जायचं. आता तिथलं बोअरचं पाणी म्हणजे चुन्याने भरलेलं. ते तसंच्या तसं बॉयलरला पाजलं, तर आतल्या नळ्यांवर पांढरा थर चढतो. थर चढला की आच पाण्यापर्यंत पोचत नाही, इंधन दुप्पट जळतं आणि वर पाणी येतं ते कोमट. म्हणून बोअरचं पाणी आधी एका उंच टाकीतून सोडायचं. टाकीत मोहरीएवढे पिवळे मणी असतात. ते पाण्यातला चुना धरून ठेवतात आणि खाली उतरतं ते मऊ पाणी. पण मण्यांचंही कधीतरी पोट भरतं. मग त्यांना मिठाच्या पाण्याने अंघोळ घातली की ते चुना सोडून देतात आणि पुन्हा भुकेले होतात.

हे मीठ कधी द्यायचं, एवढाच काय तो प्रश्न. बाकीचे लोक तो बाटल्या नि थेंब वापरून सोडवतात. मामा रोज सकाळी सहाला टाकीखालचा नळ सोडून एक घोट घेत, तोंडात घोळवत, डोळे मिटत आणि जाहीर करत, "अजून दोन दिवस." बरोबर दोन दिवसांनी मीठ पडे. बत्तीस वर्षांत त्या बॉयलरला चुन्याचा डाग लागला नव्हता.

हीच जीभ दिवसातून दोनदा घरी जेवायला बसे, आणि ते सोसणं मामींच्या वाट्याला आलं होतं. मामी निवासाच्या धुलाईखान्यात चादरी नि अभ्रे धुवायच्या. इमारतीच्या मागे दोघांना दोन खोल्या होत्या. जेवताना मामा पहिला घास घेऊन थांबायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. मीठ किंचित जास्त आहे. कांदा अर्धं मिनिट आधी उतरवायला हवा होता. आज पाणी माठातलं नाही, पिंपातलं आहे. मामी पुढची पोळी वाढायच्या. छान झालंय, हे शब्द त्यांनी आपल्या स्वयंपाकाबद्दल दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडून ऐकले होते, स्वतःच्या कधीच नाही.

मग गेल्या हिवाळ्यात मामांना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळले, बरे झाले आणि आठव्या दिवशी सकाळी सहाला टाकीखालचा नळ सोडून त्यांनी घोट घेतला. काहीच लागलं नाही. मऊ नाही, कठीण नाही, पाणी असल्यासारखंही नाही. मामांना आधी वाटलं, पाणीच बिघडलंय. त्यांनी मिठाच्या पोत्यातली चिमूट जिभेवर ठेवली. ती वाळूसारखी नुसती विरघळून गेली. घरी जाऊन मामींच्या नकळत त्यांनी अख्खं लिंबू चोखलं. दात आंबले, पण जीभ ढिम्म. मामा ओट्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. आपल्याकडे या जगात एकच गोष्ट इतरांपेक्षा सरस होती आणि ती तापाबरोबर निघून गेली, हे त्यांना त्या लिंबाच्या सालीकडे बघता बघता कळलं.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. बॉयलरवाल्याची जीभ गेली हे कळलं तर बॉयलर जाणार, हे एक. दुसरं म्हणजे मामींना काय सांगायचं? बत्तीस वर्षं जिच्या प्रत्येक घासावर शेरा मारला तिला सांगायचं, की आता मला गवत घातलंस तरी चालेल? मामांची छाती होईना. त्यापेक्षा त्यांनी एक सोपं धोरण ठरवलं. जे पानात पडेल त्याला छान म्हणायचं. शेरा चुकू शकतो, कौतुक कधी चुकत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

घरचा प्रश्न असा सुटला, पण टाकीचं काय करायचं? इथे नशीब धावून आलं. चौथ्याच दिवशी जेवताना मामी सहज म्हणाल्या, "आज साबण रुसलाय हो. फेसच धरत नाही." मामांचा घास हातातच राहिला. धुलाईखान्याला पाणी त्याच टाकीतून जातं. साबणाला फेस येत नाही याचा अर्थ मण्यांचं पोट भरलं. जेवण झाल्याबरोबर मामा तळघरात गेले आणि टाकीला मीठ दिलं. त्यानंतर आठ महिने हेच चाललं. दर चार-सहा दिवसांनी मामी साबणाबद्दल कुरकुरायच्या आणि मामा कुणाला पत्ता न लागू देता मीठ द्यायचे. बायकोच्या नकळत तिच्याकडून आपण कसं काम काढून घेतो, याचं मामांना मनातून मोठं कौतुक वाटायचं.

आणि मग परगावी असलेली लेक बाळंत झाली. मामी बावीस दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या. निघताना तीनदा वळून त्यांनी सांगितलं, की मी नाही तोवर पाण्याकडे नीट लक्ष द्या. मामा म्हणाले, बत्तीस वर्षं मी दुसरं काय करतोय?

धुलाईखान्यात बदलीवर एक बाई आली. बाई कामाला वाघ होती, पण अबोल. मामा रोज एक चक्कर टाकून विचारायचे, साबण कसा काय आहे? ती सांगायची, भरपूर आहे. खरी गोष्ट अशी, की सातव्या दिवसापासून फेस येईनासा झाला होता. बाईने मुकाट्याने साबण दुप्पट ओतायला सुरुवात केली होती आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. अशा समजूतदार माणसांनी जगात किती नुकसान केलंय, याची मोजदाद कुणी करत नाही.

पंधराव्या दिवशी बॉयलर कुरकुरायला लागला. अठराव्या दिवशी आत कुणी डब्यात खडे घालून हलवतंय असा खडखडाट सुरू झाला. पहिल्या मजल्यावरचे जज्जसाहेब, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, अंघोळीच्या कोमट पाण्याबद्दल लेखी तक्रार करून गेले. चौथ्या मजल्यावर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या. त्या मोज्यांवर मोजे चढवून बसल्या होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या, की मला मुळीच थंडी वाजत नाही, मामांना उगाच त्रास देऊ नका. हे कानावर आलं तेव्हा मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी निवासाच्या मॅडमनी बाहेरचा मिस्त्री बोलावला. मॅडम तरुण होत्या, नव्या होत्या आणि आवाज न चढवता बोलायच्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं फार अवघड जायचं. मिस्त्रीने बॉयलर उघडला, आतली नळी बाहेर काढली आणि तिच्यावर पान्याने टकटक केलं. नखाएवढ्या जाडीची पांढरी खपली सुटून मामांच्या तळहातावर पडली. मामांनी ती खिशात टाकली. का टाकली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मिस्त्रीने दिवसभर आम्लाचं पाणी फिरवून नळ्या साफ केल्या, टाकीला मीठ दिलं आणि बॉयलर पुन्हा गुमान चालू झाला. जाताना तो मॅडमना एक छोटी पेटी देऊन गेला. भांड्यात पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी तांबडं झालं तर कठीण, निळं झालं तर मऊ. रोज सकाळी एवढं केलं तर ही वेळ पुन्हा येणार नाही, आणि हे कुणालाही जमेल, असं तो म्हणाला.

"कुणालाही जमेल" या दोन शब्दांनी घात केला. एरवी बुडणाऱ्याला फळी मिळाल्यासारखी ती पेटी मामांनी छातीशी धरायला हवी होती. तापापासून त्यांना हवी होती ती हीच वस्तू. पण बत्तीस वर्षांची सवय तोंडात होती. मामा म्हणाले, की ते रोज पाणी चाखत होते आणि पाणी रोज अगदी मऊ होतं. खोट असेल तर मिस्त्रीत आहे, नळ्यांत आहे, नाहीतर त्या रंगीत थेंबांत आहे, पण जिभेत नाही.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मामा, मग आपण बघूच या. उद्या अकराला जेवणघरात सहा पेले ठेवते. काहींत बोअरचं पाणी, काहींत टाकीचं. तुम्ही ओळखलंत तर पेटी परत करते. नाही ओळखलंत तर तळघराची किल्ली मिस्त्रीच्या माणसाला देते. तुम्ही बाग बघा. मलाही बरं वाटत नाही, पण वर एकेचाळीस माणसं आहेत."

मामा हो म्हणून बसले आणि तळघरात येऊन बॉयलरसमोरच्या स्टुलावर त्यांनी बसकण मारली. बागेत त्यांना फुलांचीसुद्धा ओळख नव्हती.

त्याच संध्याकाळी मामी परत आल्या. फाटकापासून घरापर्यंतच्या पन्नास पावलांत त्यांना सगळी बातमी चार जणांनी चार प्रकारे सांगितली होती. त्यांनी नातवाचे फोटो दाखवले, स्वयंपाक केला, दोघं जेवायला बसली. मामांनी पैजेचं सांगितलं, अगदी किरकोळ गोष्ट असल्यासारखं. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मामा म्हणाले, नाही बुवा. मामींनी विचारलं, जेवण कसं झालंय?

"छान," मामा म्हणाले.

मामी ताटं उचलून मोरीकडे गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना युक्ती सुचली. फेसावरूनच आठ महिने निघाले ना? मग आणखी सहा घोटही निघतील! मामांच्या मिशा भरघोस होत्या, ओठांवर छपरासारख्या उतरलेल्या. त्यांनी साबणाची कोरडी वडी घेतली आणि मिशीवर वरून खाली दहादा घासली. मग तळघरात दोन मग घेऊन रंगीत तालीम केली. टाकीच्या पाण्याचा घोट घेतला तर मिशीवर बारीक पांढरा फेस. बोअरच्या पाण्याचा घेतला तर फेस नाही, नुसता चिकट साका. घोटाबरोबर तोंडात साबण येत होता, पण त्याची चव न लागणारा त्या इमारतीत एकच माणूस होता आणि आज त्याचा फायदाच होता. मामा शीळ घालत वर आले.

जिन्यात जज्जसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. पंच म्हणून मॅडमनी त्यांनाच नेमलं होतं आणि कुठल्या पेल्यात काय आहे याची बंद चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. चाळीस वर्षं खुर्चीवर बसून ज्यांनी कुणाच्या घरचा चहा घेतला नव्हता, ते जज्जसाहेब इकडेतिकडे बघून मामांच्या कानाशी लागले. चिठ्ठी त्यांनी उघडली होती. कठीण पाण्याचा पेला आला की ते खोकणार होते. मामांच्या जिभेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, पण साक्षीला पुरावा जोडलेला बरा असतो. शिवाय नवा माणूस आला तर सकाळच्या अंघोळीचं पाणी कसं येईल, काय सांगावं? मामांनी आढेवेढे घेतले आणि मग नाही म्हणाले नाहीत.

इकडे जेवणघरात मॅडमनी सहा पेले भरून, बश्या झाकून टेबलावर मांडले आणि त्या मंडळींना बोलवायला गेल्या. तेवढ्यात मागच्या दाराने मामी आल्या. त्यांनीही रात्रभर विचार केला होता. आपल्या नवऱ्याला ठाऊक असलेला शब्द आता एकच उरला आहे आणि तो म्हणजे छान, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? काहीही तोंडात घातलं तरी हा माणूस चांगलंच म्हणणार. मग सगळ्याच पेल्यांत चांगलं पाणी असलं म्हणजे झालं. मामींनी सहाही पेले मोरीत उलटे केले, धुलाईखान्यातून आणलेल्या बादलीतून मऊ पाण्याने भरले, बश्या झाकल्या आणि त्या आल्या तशा निघून गेल्या.

अकरा वाजता जेवणघर भरलं. चौथ्या मजल्यावरच्या आजीही मोजे घालून खाली उतरल्या होत्या. मामी दाराशी हात मागे बांधून उभ्या होत्या. मामा टेबलाशी बसले. त्यांनी पहिला पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. मिशीवर बारीक फेस आला. खोकला आला नाही.

"मऊ," मामांनी सांगितलं.

दुसरा पेला. फेस आला, आणि जज्जसाहेब खोकले. मामांनी डोळे उघडले. असं कसं होईल? बहुतेक पहिल्या घोटाचा फेस मिशीवर राहिला असणार. त्यांनी रुमालाने मिशी खसखसून पुसली आणि पुन्हा घोट घेतला. फेस पुन्हा आला, आधीपेक्षा जास्त. जज्जसाहेब पुन्हा खोकले, आधीपेक्षा मोठ्याने. मामांना घाम फुटला. साबण म्हणतोय मऊ, न्यायमूर्ती म्हणताहेत कठीण!

तिसऱ्या पेल्यालाही तेच. जज्जसाहेब आता इतके तळमळून खोकत होते की मॅडम धावल्या, त्यांची पाठ चोळू लागल्या आणि हाताला लागलेला चौथा पेला त्यांच्या तोंडाला लावला. परीक्षेचा एक पेला पंचांनीच पिऊन टाकला. मॅडम परत फिरल्या आणि मामांकडे बघून जागच्या जागी थांबल्या. फार दमल्यावर तोंडाला फेस आला असं आपण सगळेच म्हणतो, पण खरोखर आलेला त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता. मामांच्या मिशीवरून तो हनुवटीवर उतरला होता आणि डाव्या टोकाला एक बुडबुडा हळूहळू मोठा होत होता.

मॅडमनी विचारलं, मामा, बरं वाटतंय ना, डॉक्टरांना बोलावू का? मामांनी मान हलवली. बुडबुडा सुटला, टेबलावर तरंगत गेला आणि जज्जसाहेबांच्या चष्म्यावर फुटला.

उरलेले पेले समोर होते आणि मामांना आता ठरवायचं होतं. जज्जसाहेबांनी आयुष्यात खोटा निकाल दिला नव्हता. शिवाय त्यांनी चिठ्ठी वाचली होती. साबण म्हणजे काय, एक वडी. पण गेले आठ महिने मामा त्या साबणावर चालले होते, आणि तो बोलायचा मामींच्या तोंडून. मामींचा साबण एकदाही चुकला नव्हता. मामांनी उरलेले दोन्ही पेले चाखले, रुमाल खाली ठेवला आणि सांगितलं, की सगळं पाणी मऊ आहे.

जज्जसाहेबांनी जड हाताने चिठ्ठी उघडून वाचली. दुसरा, तिसरा आणि सहावा, बोअरचं पाणी. मामांनी कमरेची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. बत्तीस वर्षांत ती झिजून गुळगुळीत झाली होती.

दारातून मामींचा आवाज आला. "थेंब टाकून तर बघा."

मॅडमनी पेटी उघडली. पहिला पेला निळा झाला. दुसरा निळा. तिसरा निळा. पाचवा नि सहावाही. मॅडमनी चिठ्ठी पुन्हा वाचली, बाटली उजेडात धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. स्वतःच्या हाताने भरलेल्या पेल्यांत त्यांचीच चूक झाली होती आणि मामांच्या जिभेने ती पकडली होती! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मॅडम मनापासून म्हणाल्या, की त्यांचं चुकलं, मामांनी किल्ली उचलावी, पेटी त्या आजच परत पाठवतील.

मामांनी हात पुढे केला. किल्लीला बोट लागलं, आणि तिथेच ते थांबले. मॅडम चुकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग बोअरचं पाणी मऊ झालं कसं? मामांनी दाराकडे पाहिलं. मामींच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्या मामांकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. सगळे पेले मऊ पाण्याने कोण भरेल? ज्याला माहीत आहे, की या माणसाला फरक कळणार नाही, तोच. मग मामांना साबण आठवला. चार-सहा दिवसांनी, बरोबर वेळेवर, जेवताना, सहज म्हणून रुसणारा साबण. धुलाईखान्यातल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याआधी मामींनी तिथली कुरकुर एकदाही घरी आणली नव्हती.

मामांनी रुमाल उचलून मिशीवरचा उरलासुरला साबण पुसून टाकला.

किल्ली उचलली की सगळं सुरळीत होणार होतं. फक्त मामी पुढच्या खेपेला नातवाकडे गेल्या, की वरच्या आजी पुन्हा मोज्यांवर मोजे चढवून बसणार होत्या आणि थंडी वाजत नाही म्हणणार होत्या. मामांनी हात मागे घेतला.

"मॅडम, पेटी परत करू नका," ते म्हणाले. "मला चव लागत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून."

मॅडम खुर्चीवर बसल्या. मामांनी सगळं सांगून टाकलं, मिशीसकट; फक्त मामींच्या ओल्या बाह्या तेवढ्या वगळल्या. जज्जसाहेबांनी आपण होऊन खोकल्याची कबुली दिली आणि स्वतःला पंचपदावरून काढून टाकलं. मॅडम बराच वेळ ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. त्या रागावल्या आहेत असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा कळलं, की त्या हसू दाबताहेत. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, की मामा, रंग तरी दिसतात ना? मामा म्हणाले, दिसतात. मग किल्लीही तुमची आणि पेटीही तुमची, मॅडम म्हणाल्या, फक्त रोज सकाळचा रंग वहीत लिहायचा आणि त्याखाली मामींची सही घ्यायची. मामांच्या शब्दावर त्या यापुढे विश्वास ठेवणार नव्हत्या, मामींच्या मात्र ठेवणार होत्या. मामा निमूटपणे हो म्हणाले.

लोक पांगले. मामी मोरीत पेले धूत होत्या. मामा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"ताप उतरल्यावर तुम्ही जेवण छान झालंय म्हणालात ना, तेव्हा दोन दिवस मी हवेत होते," मामी म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही. तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मामींनी पेला पालथा ठेवला. "आठ महिने थांबले."

मामांनी फडकं घेतलं आणि पेले पुसायला लागले. जन्मात त्यांनी पेला पुसला नव्हता, त्यामुळे पहिला फुटला.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. मामांनी पहिला घास घेतला. मामींनी नेहमीसारखं विचारलं, कसं झालंय? मामा छान म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला.

"मला काहीच कळत नाही गं," ते म्हणाले.

आठ महिन्यांत त्या ताटासमोर बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. मामींनी आपलं ताट मामांच्या ताटाजवळ सरकवलं, एक घास घेतला आणि सांगायला लागल्या. कांदा गोडसर लागतोय, पण कडेला जरा करपलाय, तेवढ्यापुरता कडवट. मिरी आधी कळत नाही, घास गिळल्यावर मागून चावते. बटाटा आत अगदी मऊ झालाय, जिभेने दाबला तरी फुटतो. मामा डोळे मिटून, सावकाश चावत, एकेक शब्द ऐकत होते. त्यांचा घास संपेपर्यंत मामी बोलत राहिल्या आणि मग दुसऱ्या घासाला परत सुरुवात केली. मध्येच त्या थांबल्या.

"मीठ मात्र आज जास्त पडलंय," त्यांनी कबूल केलं.

मामांनी डोळे मिटलेलेच ठेवले, घास तोंडात इकडून तिकडे घोळवला आणि मिशीवरून हात फिरवला.

"मला वाटलंच," ते म्हणाले.